टेबलावर वाजवलेला पेला

मुलामुलींनो, मी शिक्षक. "नीट बसा, नीट बोला" असं दिवसातून दहा वेळा सांगणारा. पण आज सांगतोय ती गोष्ट मी शिकवलेली नाही, शिकलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचा कबड्डीचा संघ घेऊन मी अकोल्याहून अमरावतीला निघालो. एस.टी.त पोरांचा नुसता कल्ला! मूर्तिजापूर आलं तेव्हा मी त्यांना हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माहिती सांगितली. हे मंडळ 1914 साली अमरावतीत सुरू झालं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथले खेळाडू जर्मनीला गेले आणि आपले देशी खेळ, त्यात कबड्डीही, त्यांनी करून दाखवले. "अशा गावात खेळायचंय, नाव काढा बरं!" मी म्हणालो.

सामना चुरशीचा झाला. शेवटची चढाई आणि गुण सारखे. समोरचा गडी आमच्या कोपऱ्याकडे झेपावला नि परत गेला. पंचांना काही दिसलं नाही. एवढ्यात आमच्या सातवीतल्या एका खेळाडूने हात वर केला, "मले लागला त्याचा हात." झालं! एका गुणाने आम्ही हरलो. मी त्याला बोललो नाही, पण माझं तोंड मात्र चांगलंच उतरलं.

मग जेवायला एका हॉटेलात शिरलो. खूप गर्दी होती. पाणी काही येईना. रागाच्या भरात मी स्टीलचा पेला टेबलावर आपटला नि ओरडलो, "ए पोऱ्या, पाणी आण! केव्हाचं सांगतोय!"

तो 'पोऱ्या' माझ्याच वयाचा होता. मान खाली घालून तो जग घेऊन आला. तोच आमचा हात वर करणारा खेळाडू उठला, त्याने जग घेतला आणि सगळ्यांना पाणी वाढलं. मी विचारलं, "तू काऊन उठला रे?"

तो हळूच म्हणाला, "सर, माहे बाबा बी हाटेलातच काम करते. त्यायले कोनी असं बोललं का, ते त्या दिवशी घरी जेवत नाई."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी उठून त्या गृहस्थांकडे गेलो आणि "दादा, चुकलं माझं" म्हणालो. ते हसून म्हणाले, "होते सर, गर्दी हाय." पण मला ते इतकं सहज विसरता आलं नाही.

परतताना मी पोरांना गुंडाप्पा विश्वनाथची गोष्ट सांगितली. 1980 साली मुंबईच्या कसोटीत इंग्लंडच्या बॉब टेलरला पंचांनी बाद दिलं होतं. चेंडू बॅटला लागलेला नाही हे कळल्यावर कर्णधार विश्वनाथने त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने मग 171 धावांची भागीदारी केली आणि भारत सामना हरला. पण आजही लोक त्या सामन्याबद्दल बोलताना विश्वनाथचं नाव आदराने घेतात.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी त्या मुलासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. हॉटेलातली माझी चूकही सांगून टाकली.

दोस्तांनो, आता हॉटेलात गेलात की 'आण' ऐवजी 'द्या' म्हणून बघा. खरकटं टेबलावर सांडू नका. पाणी वाढणारा तो हात कुणाच्या तरी बाबांचा असतो. आणि कुणी मोठं माणूस पेला आपटताना दिसलं, तर तुम्हीच उठून जग हातात घ्या!