चेहऱ्याची जबानी

अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षात असलेल्या माझ्या भाच्याने “मामा, तुम्ही नुसतं बसायचं, अंगाला काही लावायचं नाही,” असे आश्वासन देऊन मला आपल्या प्रयोगासाठी खिडकीसमोरच्या खुर्चीवर स्थानापन्न केले खरे; परंतु लगेच एकामागून एक फर्माने सुटू लागली. चष्मा काढा, मान हलवू नका, बोलू नका. विजेच्या दिव्याची लुकलुक हिशेबात घोळ घालते म्हणून तोही मालवला गेला, आणि शेवटी आकड्यांची रुजवात घालण्यासाठी माझ्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटाही लागला! स्पर्शावाचून नाडी पाहण्याची ही तऱ्हा वैद्याच्या हाती नाडी देण्याहून अधिक ताबेदारीची आहे, असे माझे मत तेथेच बनले.

मूळ कल्पना मात्र मोठी मनोहर. हृदयाच्या दर ठोक्यासरशी त्वचेखालील सूक्ष्म वाहिन्यांत रक्त किंचित वाढते, त्यातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश विशेषेकरून शोषते, आणि म्हणून चेहऱ्यावरून परतणारा हिरवा प्रकाश तेवढ्यापुरता घटतो. ही घट मानवी दृष्टीस अगोचर असली, तरी साध्या कॅमेऱ्यास ती गवसते, हे वेर्क्राउस, स्वासांद व नेल्सन यांनी २००८ साली दाखवून दिले. २०१२ मध्ये एमआयटीतील संशोधकांनी हाच रंगभेद अनेक पटींनी वाढवून दाखविण्याची रीत प्रसिद्ध केली. भाच्याने त्या रीतीने माझे चित्रण पडद्यावर लावले, तेव्हा माझे कपाळ क्षणात आरक्त, क्षणात पांडुर होताना पाहून, इतकी वर्षे जपलेल्या माझ्या निर्विकार मुद्रेचा इतबार पार उडाला.

चिमट्यावर ७४, पडद्यावर ७६, इथवर ठीक. एवढ्यात धाकटी बहीण चहा घेऊन खिडकीपुढून गेली, तिची सावली माझ्या गालावर पडली, आणि पडद्याने मला एकदम ११८ ठोके बहाल केले. त्यात माझा वर्ण सावळा. मेलॅनिन बराचसा प्रकाश आधीच गिळून टाकते, तेव्हा संकेत क्षीण होतो. आपल्या देशात हे यंत्र लावायचे, तर गोऱ्या गालांवरचा दाखला पुरेसा मानता कामा नये. तरीही मुदतीआधी जन्मलेल्या अर्भकाची कोवळी त्वचा नाडी मोजण्यासाठी लावलेल्या उपकरणाची चिकटपट्टी काढताना सोलवटते, हे ध्यानी घेता या उद्योगास मी नावे ठेवणार नाही. फक्त बाजारात वा कचेरीत माझ्या परवानगीवाचून कोणी माझे काळीज मोजू लागला, तर माझी सक्त हरकत राहील.

भाच्याने पुढल्या रविवारची तारीख मुक्रर केली आहे; दाढीमुळे गालांचा निम्मा भाग वाया जातो, सबब येताना ती काढून यावे, अशी नवी ताकीद आहे.