दार उघडू नकोस!

पंचाहत्तरीला एक नवं खूळ डोक्यात शिरलंय... घरच्या घरी काळ्या-पांढऱ्या फोटोंचा रोल धुण्याचं!

त्याचं असं झालं. दादा २०१९ साली गेला. यंदा साताऱ्याचं जुनं घर आवरताना भाच्याने एक पत्र्याची पेटी माझ्याकडे आणून दिली. आत दादाचा आग्फा क्लिक ३ कॅमेरा, रोल धुवायचा काळा डबा आणि 'इंदू'चा एक रोल. (उटीच्या कारखान्यातली ही फिल्म आठवते का कुणाला?) फोटो काढलेले, पण न धुतलेला. वरच्या कागदावर दादाच्या अक्षरात फक्त '७३'.

दादा रात्री मोरीत रोल धुवायचा आणि बाहेर मी राखणीला. "दार उघडू नकोस!" हे दर दोन मिनिटांनी. एकदा उघडलं. भूक लागली होती, दुसरं काही नाही. मावशीच्या लग्नाचा अख्खा रोल गेला. दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पुढे १९७४ साली आई गेली आणि त्याने ते सगळंच बंद केलं. का, ते मी कधी विचारलं नाही.

हा रोल बाहेर कुणाकडे द्यायचा धीर होईना. पण माझा जन्म मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलेला, रसायनांशी संबंध शून्य. मला वाटायचं, सिनेमात दाखवतात तसा लाल दिवा लावायचा. अहो, तो कागदावर फोटो छापताना! या फिल्मला लाल उजेडही चालत नाही. मिट्ट काळोखात, नुसत्या बोटांनी ती डब्यातल्या चक्रीवर चढवायची. डबा बंद झाला की मग दिवा लावा खुशाल. तीन दिवस मी वाया गेलेल्या फिल्मवर डोळे मिटून सराव केला. हाताला घाम आला की फिल्म अडकलीच.

दुसरी अडचण आमच्या पुण्याच्या मे महिन्याची. डेव्हलपर हवा २० अंशांवर, आणि नळालाच कढत पाणी. मग परातीत बर्फ आणि त्यात बाटल्या.

सरावासाठी नवा रोल घेतला होता. सोसायटीतलं मांजर, गुलमोहर वगैरे बारा फोटो. दोन सारखेच मग, ओल्या हाताने चिठ्ठ्या निघून गेल्या आणि मी डेव्हलपरऐवजी आधी हायपो ओतला! डेव्हलपर उजेड लागलेली चांदी काळी करतो आणि हायपो उरलेली काढून टाकतो. आधीच हायपो घातला तर सगळंच उरलेलं. फिल्म बाहेर आली ती खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ. मांजर नाही की गुलमोहर नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. हा दादाचा रोल असता तर?

दुसरा रोल बरा निघाला. मगांना आता ऑइलपेंटने १, २, ३ असे आकडे घातलेत.

परवा रात्री दादाचा रोल घेतला. पन्नास वर्षं गुंडाळलेली फिल्म, सोडली की परत वळतेय. चक्रीवर चढेना. बाथरूममध्ये अंधारात अर्धा-पाऊण तास बसले होते. बाहेर नात राखणीला. तिने काळजीने "आजी, ठीक आहेस ना?" म्हणत कडीला हात लावला मात्र, मी ओरडलेच, "दार उघडू नकोस!"

बारातले नऊ फोटो गेलेलेच, नुसतं करडं धुकं. मागच्या कागदावरचे आकडेही फिल्मवर उमटलेत. दोन फोटोंत अंगणाची कड तेवढी कळते. आणि एकात आई आहे. सूप हातात, पाखडता पाखडता थांबलेली. चेहरा अर्धाच दिसतो, पण हसतेय. कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुणाकडे तरी.

नातीने तो स्कॅन करून भाच्याला पाठवला. त्याने आजीला पाहिलेलंच नाही. सकाळी त्याचा निरोप आला, "आत्या, या कोण?"

संध्याकाळी घरी येतो म्हणालाय. सांगेन.