लिंकच्या भुवया

पायाला प्लास्टर, त्यामुळे घरातच आहे. वेळ जाईना म्हणून 'विंड वेकर' या व्हिडिओ गेमचा नायक लिंक 'स्कायरिम' या दुसऱ्या गेममध्ये उभा करायला घेतला. निन्टेन्डोचं २००२ सालचं ते पोर: डोकं मोठं, हातपाय तोकडे, अंगावर उजेड आणि सावली अशा जेमतेम दोन छटा. स्कायरिमचा सांगाडा मात्र धडधाकट माणसाचा. बाण काढायला हात पाठीकडे गेला की थेट डोक्यातून आरपार! तिथला उजेडही नको इतका चौकस. गालावर नाही नाही त्या छटा शोधतो आणि पोर मेणाचं दिसायला लागतं.

अडलंय ते भुवयांशी. मूळ खेळात त्या केसांच्याही वरून दिसतात. शरीरशास्त्रात बसत नाही, पण त्यामुळेच तो रुसलाय की घाबरलाय, हे लांबूनही कळतं. इथे गेमचं इंजिन अंतर मोजतं. बट पुढे, म्हणून भुवई गडप. त्याचंही चूक नाही. पण मला हा पोरगा खरा व्हायला नकोच आहे. ओळखू यावा, एवढंच. का, ते नीट सांगता येत नाही. कुणी मागितलेलं कामही नाही हे.

भुवया कपाळापासून जरा पुढे ओढल्या. समोरून जमतं, बाजूने पाहिलं तर हवेत तरंगतात. आई चहा ठेवताना म्हणाली, "याला जरा हसव की रे." हसवायचं तर पुन्हा भुवयाच हलवाव्या लागणार.