थापीचे आकडे

२०१७ साली नोकरी सोडून पवईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक.ला गेले, तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नाहीत. पगार जाऊन महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. त्यासाठी आठवड्याला आठ तास प्रयोगशाळा सांभाळायची, उत्तरपत्रिका तपासायच्या. सीवूड्सच्या घरून ठाण्याची गाडी, तिथून स्लो लोकलने कांजूरमार्ग, पुढे रिक्षा.

प्रबंधाला विषय घरामागचाच घेतला: खाडीच्या गाळातले जड धातू. उत्तरेला ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, पण सीवूड्सच्या पाणथळ जागा त्या हद्दीबाहेर. पक्षी मात्र इकडेही उतरतात, याच चिखलात चोच घालतात.

खारफुटीत शिरायला कांदळवन कक्षाची परवानगी काढली. ओहोटीची वेळ गाठायची, म्हणजे कधी पहाटे पाचला निघायचं. करावे गावातले एक काका सोबत येत. कुठे पाय टाकायचा, कुठे माणूस कमरेपर्यंत रुतेल, हे त्यांना नुसत्या चिखलाच्या रंगावरून कळायचं. माझ्या नकाशातली दोन ठिकाणं त्यांनीच बदलायला लावली.

पहिल्या नमुन्यांत क्रोमियम आणि निकेल भरपूर निघालं. प्रदूषण सापडलं म्हणून मी हरखले, धावत प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्यांनी तक्ता पाहिला आणि विचारलं, "गाळ कशाने उचललास?"

स्टीलच्या थापीने. स्टेनलेस स्टीलमध्ये हेच दोन धातू असतात.

"मग हे आकडे खाडीचे की थापीचे, कसं सांगशील?"

बारा नमुने टाकून दिले. प्लास्टिकचा चमचा, आम्लाने धुतलेल्या बाटल्या, प्रत्येक जागेचे तीन नमुने घेऊन पुन्हा सुरुवात केली. बारीक गाळ धातू जास्त धरतो, म्हणून कणांचा आकारही मोजायला शिकले. नाहीतर रेताड किनारा उगाच स्वच्छ ठरला असता.

चार वर्षं नोकरीत मी अहवालांत आकडे भरले होते. ते आले कुठून, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मॅडमच्या त्या एका प्रश्नासाठी मी तो पगार पुन्हा सोडेन.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असाल तरी एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा देता येते, आणि गुण तीन वर्षं चालतात. फॉर्म भरा. विषय शोधायला आधी आपल्या घरामागे जाऊन या.