वडिलांच्या मापाचा सदरा

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने माझ्याकडून इतिहासावरील लेखाची अपेक्षा ठेवली असणार. आयुष्यभर मी तोच विषय शिकवीत आलो आहे. परंतु आपल्या वसतिगृहातील मुले मला वर्षानुवर्षे वेगळाच प्रश्न विचारतात : "सर, हा शर्ट कुठून घेतला?" घेतला नाही, घरी शिवला, असे सांगितले की ती हसतात. त्या हसण्याला आज जरा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटते.

दहावी होईपर्यंत माझ्या अंगावरचा एकही कपडा माझ्या मापाने बेतलेला नव्हता. वडील धान्यबाजारात हमाल होते. ज्यांची पोती ते वाहत, त्यांच्या घरचे उतरलेले कपडे दिवाळीनंतर आमच्याकडे येत. पुढे शिक्षणासाठी वसतिगृहात राहिलो, तेथेही देणगीतून आलेले सदरे वाटले जात. माझ्या वाट्याला आलेल्या सदऱ्याच्या कॉलरच्या आत दुसऱ्याच मुलाचे नाव शाईने लिहिलेले होते. किती धुतले तरी ते गेले नाही. देणाऱ्यांविषयी मनात कृतज्ञता होती, आजही आहे. पण बाह्या दुमडताना रोज जाणवे, की हे कापड कुणाच्या तरी अंगाचा विचार करून कापलेले आहे, आणि ते अंग माझे नाही.

एम. ए.ला इतिहास वाचताना या जाणिवेची मुळे सापडली. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे वापरावीत, असा दंडक आहे. इंदूर भागातील बलाई समाजावर लादलेल्या नियमांची १९२८ सालची बातमी बाबासाहेबांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदविली आहे. बलाईंनी सोनेरी काठाचे पागोटे बांधू नये, रंगीत वा नक्षीदार काठाचे धोतर नेसू नये, हे त्यांतील पहिलेच नियम. दुसऱ्याने काय ल्यावे हे ठरविणाऱ्यांनी त्याचे माप मात्र कधी घेतले नाही.

याउलट विनयपिटकाच्या महावग्गात एक सुंदर प्रसंग येतो. मगधातील बांध घातलेली शेते पाहून तथागतांनी आनंदांना विचारले, की या रचनेसारखे चीवर बेतता येईल का? आनंदांनी ते बेतून दाखविले. तुकडे कापून, शिवणीने जोडून तयार झालेले ते वस्त्र. बेतणे हे बुद्धीचे काम आहे, ही गोष्ट मला त्या प्रसंगाने शिकविली.

मी शिवणाकडे वळलो तो वयाच्या पस्तिशीत. घरात पत्नीचे पायमशीन होते. परदेशी गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने माझी आवड ऐकून पुरुषांच्या शर्टाचे दोन कागदी पॅटर्न पाठविले. एक नवा, एक जुन्या बाजारातून मिळविलेला. असे पॅटर्न विकण्याचा धंदा जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे शिंपी एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विक्रीला आणले, आणि त्यांचे सुरुवातीचे पॅटर्न पुरुषांच्या व मुलग्यांच्या कपड्यांचेच होते. मला आलेल्या नव्या पॅटर्नवर अनेक मापांच्या रेषा एकात एक छापलेल्या होत्या. आपली रेषा निवडून कापायची. जुन्यात एकच माप, आणि कागद जवळजवळ कोरा. खुणांच्या जागी फक्त बारीक छिद्रे. कोणत्या छिद्राचा अर्थ काय, हे उमगायला मला पंधरा दिवस लागले. मूळ कागद न कापता तो खाकी कागदावर उतरवून घ्यायचा, कापड आधी भिजवून आकसू द्यायचे, उभा धागा कागदावरील बाणाशी जुळवायचा, आणि चांगल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा एक सदरा शिवून पाहायचा, हे नियम मी चुका करीत शिकलो.

आत्मविश्वास आल्यावर ठरविले, की १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर जाताना वडिलांच्या अंगात मी शिवलेला पांढरा सदरा असावा. तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. मांजरपाटाचा सदरा त्यांना घातला, तर मानेपासून उजव्या काखेपर्यंत एक तिरकी चुणी पडली. कॉलर एका बाजूला सरकली. माझी शिवण चुकली असे समजून मी ती उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तिसऱ्या खेपेस पत्नी म्हणाली, "शिवणीकडे नका पाहू, बाबांच्या खांद्यांकडे पाहा."

उजवा खांदा डाव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता. जन्मभर पाहिलेला खांदा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

शर्टाचा पॅटर्न अर्ध्या अंगाचाच असतो. पाठ दुमडलेल्या कापडावर ठेवून कापतात, पुढचे दोन भाग एकाच कागदावरून. माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, हे त्यात गृहीत धरलेले असते. वडिलांना हे समजावून सांगितले, तर ते हसून म्हणाले, "कागदाले काय माहीत बाबू, मी पोते वाहिले ते?"

मग मी कागद उलगडून पूर्ण पाठ आखली. पुढचे भाग वेगवेगळे केले. उजव्या बाजूस खांद्याची रेषा टोकाशी पाऊण इंच उतरविली आणि मुंढाही तेवढाच खाली घेतला, म्हणजे बाही आवळत नाही. कागदांवर पेन्सिलीने 'उजवा', 'डावा' असे लिहिले. १४ ऑक्टोबरच्या पहाटे वडिलांनी तो सदरा घातला, आरशासमोर उभे राहिले, उजव्या खांद्यावरून एकदा हात फिरविला आणि एवढेच म्हणाले, "बसला."

वडील जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते खाकी कागद मी जपून ठेवले आहेत. त्यांच्या श्रमाची नोंद असलेले एवढेच दस्तऐवज माझ्यापाशी आहेत.

आपल्या वसतिगृहात रविवारी मी काही मुलांना शिवण शिकवितो. देणगीत आलेले कपडे आम्ही आहेत तसे वाटत नाही. शिवण उसवून ते त्या त्या मुलाच्या मापाने पुन्हा बेततो. पहिल्या दिवशी कात्रीला हात लावायचा नाही, फक्त एकमेकांचे माप घेऊन वहीत लिहायचे. फीत छातीभोवती येताच नवीन आलेली मुले अंग चोरतात. आपले माप कुणी घ्यावे, याची त्यांना सवय नसते. चौथ्या-पाचव्या रविवारी ती ताठ उभी राहू लागतात.

शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. परदेशी पॅटर्नमध्ये ती पाच-अष्टमांश इंच धरलेली असते. मी मुलांना बाजूच्या शिवणीत पूर्ण इंच आणि खालच्या दुमडीत दोन इंच ठेवायला सांगतो. एकाने विचारले, "सर, एवढी कशाला?"

म्हटले, "तू अजून वाढणार आहेस."