ट्वेंटी गोट

मस्कतमधल्या एका कॉलेजात फाउंडेशनच्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले, त्या पहिल्या सत्रातली ही गोष्ट. ओमानमध्ये बारावीनंतर बरीच मुलं मुख्य अभ्यासक्रमाआधी हे इंग्रजीचं पायाभूत शिक्षण घेतात. ‘माझं कुटुंब’ या विषयावर निबंध दिला होता. सूर शहरातून आलेल्या एका मुलानं लिहिलं होतं : ‘आय हॅव थ्री ब्रदर्स. माय फादर फिशरमन. माय अंकल हॅव ट्वेंटी गोट.’

तीन भावांना अनेकवचन, वीस बकऱ्यांना मात्र नाही. पुढे ‘फाइव्ह बोट्स’ बरोबर, लगेच खाली ‘फिफ्टीन डे’. मी लाल शाईनं गोल केले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “नियम येतो ना तुला? मग लक्ष कुठे असतं?” त्यानं वही मिटली आणि मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते.

दुपारी स्टाफरूममध्ये काहवा घेताना ती वही मी अरबी शिकवणाऱ्या सुदानी सरांपुढे ठेवली. त्यांनी ती सावकाश वाचली. “उस्ताजा, यात निष्काळजीपणा कुठे आहे? नियम त्यानं अगदी काटेकोर पाळलाय. आमचा.” अरबीत तीन ते दहापर्यंतच्या आकड्यांपुढे नाम अनेकवचनी येतं, अकरापासून ते एकवचनी होतं. पाच असतील तर ‘कुतुब’, वीस असतील तर ‘किताब’. दोनांसाठी तर निराळं द्विवचनच.

मला आजी आठवली. गावातल्या लग्नाहून आली की सांगायची, “पाचशे पान उठलं.” पानं नव्हे, पान. जन्मभर ऐकलेलं ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोरच त्या मुलाची माफी मागितली. मग सगळ्या वह्या पुन्हा काढल्या. ‘माय फादर फिशरमन’मधला ‘इज’ मुलं विसरत नव्हती. ‘वडील कोळी’ एवढं म्हटलं की अरबीत वर्तमानकाळातलं वाक्य पुरं होतं. भूतकाळात मात्र ‘काना’ लागतो, म्हणून आजोबांबद्दल लिहिताना त्याच मुलांचा ‘वॉज’ सहसा चुकत नसे. ‘अ’ आणि ‘अॅन’साठी अरबीत वेगळा शब्दच नाही, ते दोन्ही गळायचे. पण ‘अल’ आहे, आणि आयुष्य, प्रामाणिकपणा अशा शब्दांनाही तो लागतो. म्हणून ‘द लाइफ इज डिफिकल्ट’. आपल्या मराठीला असलं उपपद ठाऊकच नाही, त्यामुळे मी शाळेत ‘द’ गाळायची. ही मुलं तो सढळ हातानं पेरत होती. इंग्रजी एकच, पण आम्ही तिच्याकडे दोन वेगळ्या वाटांनी आलो होतो.

सगळ्यात जास्त वेळ मी एका छोट्याशा ‘इट’वर घालवला. ‘द बुक विच आय रेड इट.’ फळ्यावर वर अरबी वाक्य लिहवून घेतलं : अल-किताब अल्लधी करअतुहु. मग क्रियापदाला चिकटलेला शेवटचा ‘हु’ खडूनं अधोरेखित केला. ‘ते’ पुस्तक. खाली इंग्रजी वाक्य लिहिलं आणि ‘हु’च्या वाट्याची जागा शेवटी मोकळी सोडली. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, इथं भोक पडल्यासारखं वाटतं.” किती नेमकं बोलली ती! चार महिने नियम सांगून जे उतरलं नव्हतं, ते त्या मोकळ्या जागेनं पाच मिनिटांत उतरलं.

विद्यार्थ्यांच्या चुका म्हणजे त्यांच्या शिकण्याचा पुरावा, हे भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच मांडलं होतं. बी.एड.ला मी ते पाठ करून मार्कही मिळवले होते. वर्गात मातृभाषेचा शब्द उच्चारू द्यायचा नाही, हा आग्रह मला त्या सत्रापासून पटत नाही. मुलांच्या डोक्यात ती चालूच असते. निदान ती फळ्यावर दिसू द्यावी.

सत्राच्या शेवटी सूरच्या त्या मुलानं तोच निबंध पुन्हा लिहून आणला. ‘ट्वेंटी गोट्स’मधला एस त्यानं तीनतीनदा गिरवला होता, इतका की कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटला होता. शेवटची ओळ होती, ‘द लाइफ ऑफ माय फादर इज द सी.’ मी लाल पेनाचं टोपण लावलं आणि ती ओळ परत वाचली.