खोलीची पागडी आणि त्यानंतरचा हिशेब

चिंचपोकळी,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप काकांस,


मुंबईच्या गिरणगावातल्या कुटुंबाच्या हाती एकरकमी मोठा पैसा येण्याचे प्रसंग बहुधा दोनच. पहिला, गिरणीतून निघताना मिळणाऱ्या फंड-ग्रॅच्युइटीचा; १९८२ च्या गिरणी संपानंतर पुष्कळांच्या वाट्याला तो आलाच नाही, किंवा वर्षानुवर्षे खेटे घातल्यावर आला. दुसरा, चाळीतली खोली सोडण्याचा. निवृत्त माणसापुढे आयकराचा खरा प्रश्न उभा राहतो तो या दुसऱ्या प्रसंगी. एरवीच्या वर्षांत यातल्या बहुतेक घरांना कर लागतच नाही, आणि तरीही मार्च जवळ आला की ‘कर वाचवा’ म्हणून विम्याच्या पॉलिस्या गळ्यात मारल्या जातात. ज्येष्ठांची रक्कम अशी विनाकारण अडकते, हे फार वाईट आहे.

चिंचपोकळी-लालबागच्या पागडीच्या चाळींत भाडेकरू खोलीचा मालक नसतो, फक्त भाडेहक्काचा धनी असतो. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, आणि न वाढणाऱ्या भाड्याची भरपाई पागडीतून, म्हणजे खोली घेताना द्यायच्या एकरकमी रकमेतून, होऊ लागली. तो व्यवहार अनेक दशके बेकायदेशीर होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला, तेव्हा पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. खोली दुसऱ्याच्या नावे होताना साधारण एक तृतीयांश रक्कम चाळमालकाकडे जाते. उरलेली, भाडेपावती ज्याच्या नावे त्याला मिळते.

भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता आहे, पण जमीन किंवा इमारत नव्हे. या एका फरकावर पुढचा सगळा हिशेब फिरतो. वाडवडिलांनी पागडी न देता खोली घेतली असेल, तर हक्काची खरेदीकिंमत शून्य धरतात. पूर्वी पागडी दिल्याची पावती असेल, तर तेवढी रक्कम वजा होते. म्हणून ट्रंकेतली जुनी पावती जपून ठेवणे मोलाचे. घराच्या विक्रीत १ एप्रिल २००१ चे मूल्य धरण्याची जी मुभा असते, ती इथे नाही. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी कर भरण्याचा पर्यायही नाही. नफा गुंतवून कर वाचवणारे पन्नास लाखांपर्यंतचे रोखेसुद्धा जमीन-इमारतीच्या नफ्यापुरतेच. हक्क दोन वर्षांहून जुना असेल तर दर १२.५ टक्के, वर ४ टक्के उपकर.

समजा, मालकाचा हिस्सा जाऊन ४० लाख हाती आले, खरेदीकिंमत शून्य आणि वर्षाचे इतर उत्पन्न २ लाख. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. त्यातले न वापरलेले २ लाख नफ्यातून वजा होतात. उरलेल्या ३८ लाखांवर उपकरासह ४ लाख ९४ हजार कर बसतो. बारा लाखांपर्यंत करमाफी असल्याचे सगळीकडे ऐकू येते, पण ती सवलत अशा भांडवली नफ्याला लागू नाही.

हा कर टाळण्याचा सरळ मार्ग म्हणजे राहते घर घेणे. विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत तयार घर घ्यावे, बांधायचे असेल तर तीन वर्षांत बांधावे. वरच्याच उदाहरणात बदलापूरला ३० लाखांचे घर घेतले, तर नफ्याचा तीन चतुर्थांश भाग सुटतो आणि कर १ लाख ४ हजारांवर येतो. नवे घर खोली सोडणाऱ्याच्याच नावे असावे. मुलाच्या नावे घेतल्यास सवलत नाकारली जाण्याचा धोका असतो. ते घर तीन वर्षांत विकले, तर सुटलेला नफा करपात्र होतो. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झाले नाही, तर रक्कम बँकेतल्या ‘भांडवली नफा खात्या’त ठेवावी लागते. सवलतीमुळे कर शून्य झाला तरी विवरणपत्र भरावेच लागते.

पागडीचा काही भाग रोखीने घेण्याची चाल अजून सुटलेली नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. शिवाय त्या पैशातून घर घेता येत नाही, पोस्टात मोठी ठेव ठेवता येत नाही. म्हातारपणी असा पैसा घरात ठेवण्यासारखे असुरक्षित काही नाही.

उरलेल्या रकमेसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना पहिली. साठीनंतर ३० लाखांपर्यंत, पाच वर्षांसाठी, सध्या ८.२ टक्के; पूर्ण रकमेवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. त्याखालोखाल पोस्टाची मासिक प्राप्ती योजना: ९ लाखांवर ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. दोघांचे मिळून पंधरा लाखांपर्यंत संयुक्त खाते उघडता येते. जास्त व्याजासाठी ओळखीच्या पतपेढीत सगळे ठेवण्याचा मोह गिरणगावात जुना आहे. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी का असेना, पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण असते; पतपेढीला ते नाही.

नवऱ्याने पैसे देऊन बायकोच्या नावे ठेव केली, तर व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. ठेव मात्र तिच्या नावे जरूर असावी, कारण तिच्या हाती स्वतःचा पैसा राहतो. ज्येष्ठांना एका बँकेकडून वर्षाला एक लाखाहून जास्त व्याज मिळाले की करकपात होते. एकूण कर शून्य येणार असेल तर १५ एच फॉर्म देऊन ती थांबते. खोली विकली त्या वर्षी मात्र कर निघणार असेल, तर तो फॉर्म देता येत नाही. धंद्याचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही, म्हणून नफ्यावरचा कर विवरणपत्रासोबत भरता येतो. तोवर तेवढी रक्कम वेगळ्या ठेवीत बाजूला असलेली बरी. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यानंतर कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक तपासून घ्यावेत.

राहिले नामांकन. नामांकित व्यक्तीला बँक पैसे देते, पण मालकी वारसांचीच राहते. घर आणि ठेवी नक्की कोणाला, हे मृत्युपत्रात लिहावे; त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही.



आपला,
पुतण्या